पाटीवर 79

आज खेळाबद्दल बोलायचंय, पण क्रिकेट नाही. आज स्नूकर. आता स्नूकर म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर रॉनी ओ'सलिव्हनचे रील्स येणार. 1997 साली शेफिल्डला त्यानं साडेपाच मिनिटांच्या आत 147 मारले, तो व्हिडिओ तर स्नूकर न खेळणाऱ्यांनीही बघितलेला असतो. मी मात्र आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याचा एकही व्हिडिओ नाही. यूट्यूबवर नाही, कुणाच्या मोबाईलमध्ये नाही. कारण तो भरात होता तेव्हा आमच्या फोनला वायर असायची.

त्याचं नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्याला नुसतं 'दादा' म्हणायचो. पुण्यात हजार दादा असतील, पण आमच्या भागातल्या पार्लरांमध्ये 'आज दादा आहे का?' असं कुणी विचारलं, तर कुठला दादा हे सांगावं लागत नसे.

काळ म्हणजे नव्वदीचा शेवट. पुण्यात तेव्हा बेसमेंटमध्ये स्नूकर पार्लर असायची. जिना उतरून खाली जायचं, आत ट्यूबलाइटचा उजेड, टेबलावर लोंबणारी शेड, हिरवं कापड आणि सिगारेटचा वास. घरी सांगायची सोय नव्हती. 'तिथं टवाळ पोरं जातात' हे आमच्या आईचं ठाम मत होतं. तिला विल्सन जोन्सबद्दल सांगून बघितलं. जोन्स म्हणजे 1922 साली आपल्या पुण्यातच जन्मलेले. 1958 साली कोलकात्यात ते बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय! आई म्हणाली, "बरं. तू आधी बारावी हो."

गंमत म्हणजे स्नूकर हा खेळच मुळात आपल्याकडचा. 1875 च्या सुमारास जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत बॉल टाकून बघितले, आणि तिथून हा खेळ सुरू झाला. पुढे कित्येक वर्षं तो क्लब आणि जिमखान्यांतच राहिला. मेंबरशिप असेल तर खेळा, नाहीतर खिडकीतून बघा. पार्लरांनी ती खिडकी उघडली. तासाचे पैसे टाका आणि क्यू उचला. बहुतेक वेळा 'लूझर पे', म्हणजे हरेल तो टेबलाचे पैसे देणार. दादा आमच्याकडे आला तो असाच, जिना उतरून.

तो भोसरीला एका वर्कशॉपमध्ये टूलरूमला होता. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट. दिवसभर हातात मायक्रोमीटर. केसाच्या जाडीएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. एकदा आमच्या दोन नंबरच्या टेबलावर हळू मारलेला बॉल सारखा एका बाजूला ओढला जायला लागला. मार्करकाका म्हणाले, "कापड जुनं झालंय." दादानं दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून लेव्हल आणली, टेबलाखाली झोपला आणि तासाभरानं म्हणाला, "कापड नाही, पाय." मोठ्या टेबलात कापडाखाली दगडाच्या पाच लाद्या असतात, सगळं वजन टनात. त्यातला एक पाय किंचित बसला होता. पत्र्याचे पातळ तुकडे सरकवून त्यानं तो उचलला. त्या दिवसापासून मार्करकाका त्याला सकाळी कापडाला ब्रश आणि इस्त्री करून झाली की गिऱ्हाईक येईपर्यंत फुकट सराव करू द्यायचे. बदल्यात दादा पार्लरमधल्या सगळ्या क्यूंच्या टिपा बदलून द्यायचा. चामड्याची ती एवढीशी टिप तो पॉलिश पेपरवर अशी घासायचा की नाण्याच्या कडेसारखा गोल यायचा.

हा व्यवहार महत्त्वाचा होता, कारण टेबलाचा एक तास म्हणजे त्याच्या दिवसाच्या पगाराचा चांगला लचका. ज्यांना रोज सहा तास खेळायला मिळतं आणि ज्यांना मिळत नाही, त्यांच्यातला फरक निम्मा इथेच पडतो.

आता लीगबद्दल. आमच्या भागातल्या सहा पार्लरांनी मिळून ती चालवलेली. प्रायोजक नाही, पावती नाही. एन्ट्रीचे पैसे गोळा व्हायचे, त्यातून कप आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना मिसळ. मॅच गुरुवारी रात्री. गुरुवार का, तर भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. आमच्या लीगमध्ये निम्मे लोक कंपनीतले होते, त्यामुळे शनिवार-रविवार कुणाच्या डोक्यातही आला नाही. एका टीममध्ये तीन खेळाडू, प्रत्येकाची समोरच्याशी तीन फ्रेमची मॅच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हँडिकॅप. हे नीट समजून घ्या, कारण दादाची सगळी गोष्ट यातच आहे. लीगमध्ये कसलेला माणूसही असायचा आणि कालच क्यू धरलेलं पोरगंही. दोघांना सरळ खेळवलं तर मॅच दहा मिनिटांत संपणार. मग काय करायचं, तर प्रत्येकाला एक आकडा लावायचा. कच्चा असेल तर प्लस, पक्का असेल तर मायनस. मी प्लस 10 होतो. म्हणजे प्रत्येक फ्रेम सुरू होतानाच पाटीवर माझ्या नावापुढे 10 लिहिलेले. महिन्याच्या शेवटी सगळे आकडे पुन्हा बघायचे. जिंकत असाल तर पाचनं खाली, हरत असाल तर पाचनं वर.

दादा जिंकतच होता. मायनस 20, मायनस 25, मायनस 30. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो मायनस 40 वर होता. त्याच्या खालोखाल जो होता, तो मायनस 15. म्हणजे लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा माणूससुद्धा दादाकडून 25 पॉइंट घेऊन खेळायचा!

आणि त्याला याचं काही वाटायचं नाही. एखादा बोलला असता, 'अरे, किती खाली ढकलाल?' दादा पाटीकडे बघायचा, मायनस वाचायचा, चॉक उचलायचा.

आता ती रात्र सांगतो. जुलै असावा. बाहेर पाऊस, आत दमट. दमट हवेत कापड जड होतं, बॉल लवकर थांबतो, कुशनवरून येताना मरगळतो. मार्करकाकांनी दोनदा इस्त्री फिरवली होती. दादासमोर कर्वे रोडच्या बाजूच्या एका पार्लरचा कॉलेजचा मुलगा होता, प्लस 15 वाला. एक-एक फ्रेम झालेली, तिसरी सुरू. पाटीवर पोराचे 15, दादाचे मायनस 40. एकही बॉल न जाता 55 चा फरक.

त्या मुलानं सुरुवात झकास केली. रेड-ब्लू, रेड-पिंक, मग आणखी एक रेड. 14 चा ब्रेक. त्याच्यासाठी तो मोठाच होता, त्याच्या टीमनं बेंच बडवले. पुढचा कलर हुकला. आता पोराचे 29, दादा मायनस 40. फरक 69. टेबलावर 12 रेड.

ज्यांना स्नूकर माहिती नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. एक रेड घालायचा, त्याचा 1. मग एक रंगीत घालायचा. त्यात काळा सगळ्यात महाग, 7. रंगीत बॉल परत जागेवर ठेवतात, रेड ठेवत नाहीत. रेड संपले की रंगीत बॉल क्रमानं घालायचे. म्हणजे एक रेड आणि एक काळा, असा हिशेब केला तर 8. बॉल पॉकेटात घालणं सोपं नाहीच, पण खरी अडचण वेगळी आहे. पांढरा बॉल नंतर कुठे थांबणार? तो पुढच्या बॉलसाठी सोयीच्या जागी थांबला पाहिजे. दादाचं सगळं कसब या थांबण्यात होतं. त्याला जोरात मारताना मी फार कमी वेळा बघितलं. पांढरा बॉल एक वीत जायचा, दोन वीत जायचा आणि थांबायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बॉल सगळे सोपेच येतायत याला. ते सोपे तो करत होता.

रेड, काळा. रेड, काळा. चौथ्या काळ्यानंतर शेजारच्या टेबलावरचे लोक खेळ थांबवून आले. सहाव्यानंतर वरचा अमृततुल्यवाला चहाची किटली घेऊन खाली आला, तो तिथेच उभा राहिला. मार्करकाका दर वेळी काळा बॉल पुसून जागेवर ठेवायचे आणि आकडा हळू म्हणायचे. नऊ रेड, नऊ काळे. 72. तेव्हा कुठे दादा पहिल्यांदा पुढे गेला. पाटीचा हिशेब 32 विरुद्ध 29!

विचार करा. 72 चा ब्रेक मारलाय आणि पुढे आहे फक्त तीननं. टेबलावर अजून तीन रेड. इथे हुकला तर समोरचा पोरगा आरामात जिंकू शकतो.

दहावा रेड, पिंक. अकरावा रेड, पिंक. बारावा रेड जरा कुशनला चिकटून होता. तो गेला, पण पांढरा लांब गेला, म्हणून ब्लू. 92. आणि तरीही फ्रेम जिंकलेली नव्हती. फरक 23, टेबलावर 27. यलो गेला. ग्रीन गेला, तेव्हा कुठे फ्रेम हातात आली. मग ब्राऊन गेला. मार्करकाका म्हणाले, "एकशे एक."

आमच्या पार्लरमध्ये मॅचमध्ये लागलेली ती पहिली सेंच्युरी. दादा थांबला नाही. ब्लू, पिंक, काळा. टेबल साफ. 119.

आम्ही ओरडलो वगैरे. तो समोरचा पोरगा सगळ्यात जास्त ओरडला, हरल्याचं विसरूनच गेला होता. आणि मग माझं लक्ष पाटीकडे गेलं. काकांनी नियमाप्रमाणे लिहिलं होतं. 119 वजा 40. पाटीवर होते 79.

एखादा त्या वेळी जिना उतरून आला असता, तर त्याला वाटलं असतं, बरी फ्रेम झाली, 79-29. त्या आकड्यात सेंच्युरी कुठेच नव्हती. लीगच्या वहीतही 79 च गेले. आणि महिन्याच्या शेवटी दादाचा आकडा झाला मायनस 45.

आता तुम्ही विचाराल, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकानं विचारलंय: एवढा चांगला होता, तर पुढे का नाही गेला?

गेला होता. एकदा. मुंबईला राज्य पातळीची निवड स्पर्धा होती. त्यानं दोन दिवस रजा टाकली, मी बॅग धरायला सोबत. सकाळची सिंहगड एक्सप्रेस. तिथलं टेबल म्हणजे काय सांगू! नवीन कापड, बॉल तेलावरून सरकावा तसा पळायचा, आणि पॉकेटं घट्ट. आमच्याकडे कडेला लागूनही आत जाणारा बॉल तिथे थरथरून बाहेर यायचा. पहिली मॅच दादा जिंकला. दुसरी शेवटच्या फ्रेमपर्यंत नेली आणि हरला, त्याच्या निम्म्या वयाच्या मुलाशी.

ती मॅच मी नंतर खूपदा मनात खेळून बघितलीय. तो मुलगा दादापेक्षा चांगला पॉटर नव्हता. पण तो सेफ्टी खेळायचा. म्हणजे बॉल घालायचा प्रयत्नच करायचा नाही, पांढरा लांब नेऊन ठेवायचा आणि समोरच्याला अडकवायचा. दादानं आमच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं 40-50 पॉइंट मागून खेळायची सवय लावून घेतली होती. एवढं मागे असलं की तो वाट बघत बसायचा नाही, मोठा ब्रेकच शोधायचा. ज्या गोष्टीनं त्याला आमचा दादा बनवलं, तिनंच तिथे त्याला अडवलं. तो स्वतःच म्हणाला, "पाटीवर शून्य-शून्य बघून चुकल्यासारखं वाटत होतं रे. वाटलं, आपला आकडा लिहायचा राहिला."

येताना कर्जतला गाडी थांबली. घाट चढायला मागून इंजिन लावतात, तेवढ्या वेळात आम्ही वडापाव घेतला. मी त्याची समजूत काढायला गेलो. तो म्हणाला, "हरल्याचं वाईट नाही वाटत. पण तुमच्या सगळ्यांचा आकडा मला माहितीये. तू प्लस 10, तो मायनस 15. सगळे माझ्यावरून मोजलेले. माझा आकडा कोण लावणार? मी नक्की कितीचा आहे, हे मला कधी कळणार?"

मी गप्प बसलो. याला उत्तर नव्हतं. शुक्रवारी सकाळी सातला त्याची फर्स्ट शिफ्ट होती.

ते कळायला काय लागलं असतं, हे आज मला माहितीये. रोजचे पाच-सहा तास. चांगलं टेबल. शिकवणारा माणूस. आपल्याकडे रेल्वे, तेल कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, ओएनजीसीनं पंकज अडवाणीला दिली. पण त्या नोकरीपर्यंत पोहोचायला आधी राष्ट्रीय पातळीवर दिसावं लागतं. आणि प्रोफेशनल व्हायचं तर जवळपास इंग्लंडलाच राहावं लागतं, कारण बहुतेक स्पर्धा तिकडे. अडवाणी, तोही जन्मानं पुण्याचाच, इतकी जागतिक विजेतेपदं जिंकलेला माणूस, 2012 मध्ये प्रो झाला आणि 2014 मध्ये ते सोडून परत आला. मुंबईचा आदित्य मेहता 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या फायनलला गेला. रँकिंग स्पर्धेत इथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. हे रस्ते आहेत. पण ते फार अरुंद आहेत आणि टूलरूममधून तिथे बस जात नाही.

मग लीग संपली. भांडण झालं नाही, काही नाही. जागा संपली. बघा, स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. पण क्यू मागे न्यायला चारही बाजूंनी जागा लागते, म्हणजे एका टेबलाला साधारण बावीस बाय सोळा फुटांची खोली. साडेतीनशे स्क्वेअर फूट, आणि तिथे एका वेळी खेळणार दोन माणसं! तेवढ्या जागेत पूलची दोन छोटी टेबलं बसतात, कॉम्प्युटर तर कितीतरी बसतात. पुण्यात जागेचे भाव चढायला लागल्यावर मालकांनी गणित केलं, कुणीही केलं असतं. एक पार्लर सायबर कॅफे झालं, एक कपड्यांचं दुकान. आमचं सगळ्यात शेवटी गेलं. टेबल उचलताना लाद्या सुट्या केल्या, तेव्हा दादानं घातलेले पत्र्याचे तुकडे खाली पडले. मार्करकाकांनी ते खिशात टाकले.

या माणसाचं टॅलेंट वाया गेलं, असं लोक म्हणतात तेव्हा मी भांडत नाही. त्याला जे कळायचं होतं ते कळलं नाही, हे खरंच आहे आणि त्याची हळहळ त्याला आहे. त्यावर गोड मुलामा चढवायची मला इच्छा नाही. पण 'वाया' हा शब्द मला पटत नाही. सहा पार्लरमधली कितीतरी माणसं कितीची आहेत, हे त्याच्यामुळे कळत होतं. मी प्लस 10 वरून प्लस 5 वर आलो, तेव्हा ते पाच पॉइंट खरे होते, कारण पलीकडच्या टोकाला दादा उभा होता. आपल्या भागात एक माणूस खरोखर उत्तम असला की बाकीच्यांना स्वतःचं खोटं माप घेता येत नाही. आणि तो उत्तम माणूस दर गुरुवारी, शिफ्ट करून, 45 पॉइंट मागून तुमच्याशी खेळायला उभा राहत असेल, तर तुम्हाला हरतानाही लाज वाटत नाही. कर्वे रोडचा तो पोरगा आजही भेटला की ती फ्रेम सांगतो. स्वतः हरलेली फ्रेम! आणि तो 119 सांगतो, 79 नाही.

दादा आता रिटायर झालाय. नजर पूर्वीसारखी नाही, चष्म्याच्या वरून शॉट बघावा लागतो, त्यामुळे खेळणं कमी. पण नातवाच्या मोबाईलवर मॅच बघतो आणि सेफ्टीचे शॉट मागे नेऊन पुन्हा बघतो. मध्ये मी त्याला स्कोअर ठेवायचं एक ॲप दाखवलं. ब्रेक किती, फ्रेम किती, सगळं साठवून ठेवतं. त्यानं नीट बघितलं, इकडे-तिकडे बोट फिरवलं आणि विचारलं, "यात मायनस कुठे टाकायचा?"

तर मंडळी, तुमच्याही आसपास असा कुणीतरी असेल. कॅरमचा असेल, कुस्तीचा असेल, सोसायटीच्या टेबल टेनिसचा असेल. तो किती भारी खेळतो, हे कुठल्याच पाटीवर नसेल. आता तुमच्या खिशात कॅमेरा आहे, तर त्याला विचारून एक व्हिडिओ घ्या. आणि त्याच्याशी एकदा खेळून बघा, पॉइंट मागून घ्यायला लाजू नका. त्याची गोष्ट आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

आज इथेच थांबतो. भेटूच. काळजी घ्या!